भिवा तांबटाचा अंगठा

फार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा आमच्या वेळण्यात विजेचा खांब नव्हता आणि खाडीवर पूलही नव्हता. होत्या त्या गॅसबत्त्या, साऱ्या गावात मिळून चौदा. सूं सूं करत पेटल्या की अंगणभर दुधासारखा उजेड पडायचा. आता बटण दाबलं की दिवा लागतो, पण त्यात ती मजा नाही, मी सांगतो.

या बत्त्यांचा वैद्य म्हणजे भिवा तांबट. पंपाचं चामडं सुकलं, बोलवा भिवाला. नळीत काजळी अडकली, बोलवा भिवाला. पण त्याचं नाव झालं ते दुरुस्तीमुळे नाही, अंगठ्यामुळे. डोळे मिटून तो बत्तीच्या बुडावर अंगठा फिरवायचा आणि तिचं साल सांगायचा. असं म्हणतात, की नुसती सूंसूं ऐकूनही त्याला कळायचं, ही लढाईआधीची जाड पितळेची की नंतरची पातळ पत्र्याची. खाडीपलीकडचे लोक होडीत बत्त्या घालून त्याच्याकडे यायचे.

आणि त्याने विद्या लपवली नाही हो. बुडावर कारखान्याचा हत्ती उमटवलेला असतो, हे त्यानेच गावाला दाखवलं. मोठ्या वादळाच्या सालापर्यंत हत्तीची सोंड खाली, पुढच्या सालापासून वर. आमच्याकडे शेंबडं पोरही हे सांगायचं.

गावाला याची गरज होती शिमग्यात. गावदेवीची पालखी सहाणेवरून, म्हणजे ती ठेवायच्या दगडी चौथऱ्यावरून निघायची, तेव्हा सगळ्यात जुनी बत्ती पुढे आणि नवी मागे, असा रिवाज. क्रम भिवाने लावायचा, सगळ्यांदेखत. एका साली अनाजी खोताने आपली बत्ती पुढे आणून ठेवली. भिवाने ती चाचपली आणि म्हणाला, "खोतदादा, टाकी तुमच्या वडलांची, पंप बाजारातला, डोकं तिसऱ्याच कुणाचं. ही बत्ती नव्हे, वऱ्हाड आहे!" बायका पदराआड खुदखुदल्या. खोताची बत्ती पाचवी गेली. दोन वर्षं खोत भिवाशी बोलला नाही. भिवा तरी काय करणार? बत्तीबद्दल खोटं त्याच्या तोंडून निघायचंच नाही.

आता द्वारकीचं ऐका. तिचा नवरा धाकू खलाशी होता. लग्नाला चार महिने झाले आणि तो मुंबईहून मोठ्या बोटीवर चढला. त्याच साली ते वादळ झालं. बोट बुडाली, माणसं कुणाची सापडली नाहीत. दोन वर्षांनी द्वारकीच्या नावाने एक खोकं आलं. आत गॅसबत्ती. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. गाव म्हणालं, बोटीवर चढण्याआधी घेऊन ठेवली असेल, खोकं गोदामात अडकलं असेल. द्वारकी म्हणाली, "नंतर पाठवली. म्हणजे आहेत ते." तिने ती बत्ती धाकूच्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवली. कुणाला हात लावू दिला नाही आणि स्वतःही कधी उलटी करून पाहिली नाही. धीर झाला नाही बिचारीला.

अशी सात वर्षं गेली. तिचा दीर सोनू काही वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "वहिनी, भावाचं क्रियाकर्म झालं नाही म्हणून आईचा जीव तळमळतोय. आता बांगड्या उतरवा."

द्वारकी म्हणाली, "भाऊजी, यंदा बत्ती सहाणेवर आणते. भिवातात्या सांगतील ते साल खरं. सोंड खाली निघाली, तर तिथेच बांगड्या फोडीन."

शिमग्याच्या दिवशी उन्हं कलायच्या वेळेला सहाणेवर मुंगीला वाट नव्हती. द्वारकीने बत्ती भिवाच्या मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. भिवाने डोळे मिटले. अंगठा बुडावर गेला, हत्ती सापडला, पाठ सापडली, सोंड सापडली.

खाली होती.

त्याने डोळे उघडले तर समोर ती पोर, श्वास धरून उभी. मग तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "वादळानंतरची आहे, पोरी. सोंड वर आहे."

अंगठा मात्र त्याने उचलला नाही.

सोनू पुढे झाला, "तात्या, दाखवा बघू."

तेवढ्यात अनाजी खोताचा हात मध्ये आला. "आण इकडे. मी बघतो." भिवाने मनातल्या मनात गावदेवीला हाक मारली. दोन वर्षांचा राग आज निघणार होता. खोताने बत्ती उलटी केली, उजेडाकडे धरली, किती तरी वेळ पाहिलं. मग म्हणाला, "वर आहे. चांगली लख्ख वर आहे!" आणि बत्ती गुरवाकडे दिली. गुरव म्हणाला, वर आहे. सुईण म्हणाली, वर आहे. बत्ती हातोहात सगळ्या सहाणेवर फिरली आणि ज्याने त्याने तेच सांगितलं. शेवटी ती सोनूच्या हातात आली. त्याने पाहिलं. त्याचे डोळे भरले.

"वर आहे वहिनी," तो म्हणाला, "दादा आहे."

त्या साली ती बत्ती सगळ्यात नवी म्हणून सगळ्यांच्या मागे गेली, भिवाच्या डोक्यावर. त्यानंतर भिवाने कुठल्याही बत्तीचं साल सांगितलं नाही. बायकोला म्हणाला, "माझा अंगठा खोटा पडला गं. आता तो देवीच्या कामाचा नाही." म्हणून बत्त्यांचा क्रम त्या दिवशी लागला तोच आजही आहे.

धाकू आला का? कुणी म्हणतात, एका शिमग्याला पालखीच्या मागे, त्या शेवटच्या उजेडात, पांढऱ्या दाढीचा एक माणूस चालताना दिसला. ते मला विचारू नका. द्वारकी मात्र हिरव्या बांगड्यांनिशीच गेली, पार म्हातारी होऊन. जन्मभर तिने ती बत्ती स्वतः चिंच लावून घासली. बुडाला काय आहे हे तिला दिसलं नसेल का? पण ती कुणाला काही बोलली नाही. फक्त दर शिमग्याला पहिली पुरणपोळी भिवाच्या घरी जायची.

आता वेळण्यात रस्त्यावर दिवे आहेत. तरी शिमग्याला चौदा बत्त्या आणि ती पंधरावी निघते. निघण्याआधी गुरव ती उलटी करून साऱ्या गावाला दाखवतो. हत्ती घासून घासून पुसट झालाय, पण सोंड खाली आहे हे आंधळ्यालाही कळेल. गुरव विचारतो, "भिवा तांबटाच्या नावाने सांगा, सोंड कुठे?"

आणि अख्खं गाव, पाळण्यातली पोरं सोडून, एका आवाजात ओरडतं, "वर!"