गोजराआत्याचा करडा

फार वर्षांपूर्वी, घाटात गाडीरस्ता झाला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. खाली मोरदरा गाव, वर डोंगराच्या कुशीत सात वाड्या, आणि सगळ्यांना मिळून सुईण एकच, गोजराआत्या. तिच्या हाताला यश होतं, पण ते गुडघ्यांना कोण सांगणार? ते पन्नाशीतच कुरकुरायला लागले. एकदा फणसवाडीच्या धुरपीसाठी बोलावणं आलं. आत्या बसत-उठत चढली आणि पोचली तेव्हा उशीर झाला होता. धुरपी गेली, मूलही गेलं. त्या दिवसापासून आत्याला अन्न गोड लागेना.

"आता पाय इकत आणते," ती म्हणाली आणि हातातल्या पाटल्या पदरात बांधून यात्रेच्या घोडेबाजारात गेली. बाईमाणूस घोडा घेणार म्हटल्यावर बाजारात हसू पिकलं. व्यापारी एकेक देखणं जनावर पुढे करी, त्याचे दात दाखवी, आयाळ दाखवी. आत्या तिकडं बघेच ना. म्हणाली, "बाबा, मला त्याच्यासंगं जेवाया बसायचं न्हाई. नदीतल्या गोट्यांवरनं चालवून दाव."

देखणे घोडे गोट्यांवर नाचले आणि घसरले. कडेला एक करडा घोडा बांधलेला होता, चुलीतल्या राखेच्या रंगाचा. तो मात्र प्रत्येक दगड आधी खुरानं चाचपायचा, मगच भार टाकायचा. गोटा हलला की थांबायचा. आत्यानं तिथंच पदराची गाठ सोडली.

व्यापारी बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "आत्या, लपवत नाही. ह्याच्या डोळ्याखाली केसांचा भोवरा आहे. असला घोडा घरात रडं आणतो, म्हणून दोन वर्षं कुणी घेतला नाही."

"रडं आणायचाच तर माझा धंदा हाय," आत्या म्हणाली. "पोर रडलं न्हाई की मला घाम फुटतो."

गावाला हे कुठं पटायला? पाटलानं निरोप धाडला, असल्या भोवऱ्याचं जनावर वेशीच्या आत नको. आत्या भांडली नाही. तिनं वेशीबाहेर छप्पर घातलं आणि स्वतःच तिथं राहायला गेली. करड्याशी ती सुनेशी बोलावं तसं बोलायची, निम्मं मायेनं, निम्मं टोचून. वाड्यांच्या पायवाटा मात्र त्यानं महिन्याभरात तोंडपाठ केल्या.

श्रावणात फणसवाडीहून पुन्हा माणूस धावत आला. धुरपीची धाकटी बहीण सखू त्याच घरात दिली होती आणि ती सकाळपासून अडली होती. आत्या तशीच करड्यावर बसली. धुकं असं दाट, की बसल्या जागेवरून घोड्याचे कान दिसेनात. निम्म्या चढावर, कड्याच्या वळणाला, करडा थांबला. टाच मारली, गोंजारलं, विनवलं, तो हलेना. आत्याला धुरपीचा चेहरा दिसला आणि तिनं जन्मात पहिल्यांदा त्याच्यावर काठी उचलली. त्यानं मार खाल्ला, पण पाय उचलला नाही. पान लावून तोंडात टाकावं एवढ्या वेळात पुढची वाट दरडीसकट दरीत गेली.

मग तो आपणहून वळला आणि कारवीच्या रानात शिरला. तिथं गुरंसुद्धा चढत नव्हती. आत्या त्याच्या मानेला मिठी मारून रडत होती, माफी मागत होती. त्या चढावर त्याला आठ पाय फुटले, असं म्हणतात. कुणी म्हणतात, तो कारवीच्या शेंड्यांवरून चालला आणि एक पान मोडलं नाही. आता मी काही तिथं नव्हतो आणि म्हणणारेही नव्हते. पण आत्या वेळेत पोचली हे खरं, कारण सखूला मुलगी झाली, मायलेकी वाचल्या, आणि तिचा वंश आजही फणसवाडीत नांदतो.

चार दिवसांनी आत्या खाली उतरली तेव्हा पाटील वेशीवर उभा होता. त्यानं स्वतः लगाम धरून करड्याला गावात नेलं.

आता घाटात डांबरी रस्ता आहे, जीप आहे. त्या वळणाला करड्याचा थांबा म्हणतात. वाडीतून बाळंतपणाला निघालेली प्रत्येक जीप तिथं क्षणभर उभी राहते. मूठभर हरभरे कड्याच्या काठावर ठेवायचे, पुढची वाट नीट बघायची, मगच निघायचं. मागं एकदा एक नवखा ड्रायव्हर घाईघाईनं तसाच पुढं निघाला. तेव्हा मागच्या बाकावर कळा सोसणारी पोरगीच त्याला म्हणाली, "थांब की रं जरा. आत्याला बसू दे."