कुसळेवाडी गैरहजर

त्या दिवशी धुकं असं उतरलं होतं, की दारातल्या शेवग्याचा बुंधा दिसत होता आणि शेंगा दिसत नव्हत्या.

“पण हे नाही कसं म्हणतंय?” तेजपाल मगदूम तिसऱ्यांदा म्हणाला. लॅपटॉप मांडीवर, शेजारी चहा गार झालेला.

तेजपाल दूध संघात रिपोर्ट काढायचा. शेजारच्या दगडूनानांकडं तो काही शिकायला येत नसे, चहाला येई. नानांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. तालुक्याच्या कोर्टात त्यांनी जन्मभर एकच काम केलं. आतून कारकुनानं नाव सांगायचं आणि नानांनी दारात उभं राहून ते पुकारायचं. तीन हाकांत ओ आली नाही, की आत ‘गैरहजर’ लिहिलं जायचं.

“कोण नाही म्हणतंय?” सुतळी वळता वळता नानांनी विचारलं.

“रिपोर्ट. कुसळेवाडीच्या केंद्रावर तीन महिन्यांत थेंब आला नाही म्हणतंय. अकराला सभा आहे. ज्याचं दूध शून्य, ते केंद्र बंद. मग तिथल्या बायकांनी किटल्या घेऊन रोज घाट उतरायचा का?”

“तोंडानं सांग की.”

“साहेबांना कागद लागतो.”

“मग चूक हुडक.”

“माझ्याएवढं संघात कोण हुडकतंय, नाना? जोडणी बघितली, तारखा बघितल्या. चूक असती तर लाल अक्षरं आली असती. हे नुसतं म्हणतंय, नोंदी आढळल्या नाहीत.”

नानांच्या हातातल्या सुतळीला पीळ पडत होता.

“तू त्याला विचारतोस काय?”

“केंद्राचं नाव घालतो आणि दूध विचारतो. भैरवनाथ महिला दूध संकलन केंद्र, कुसळेवाडी. नोंदणीच्या कागदावर आहे तस्सं. काना-मात्रेचा फरक नाही.”

“हं…”

नाना उठले. उंबऱ्यात उभे राहिले. छाती भरून घेतली.

“वत्सलाबाई दगडू सुतार, हाजिर हो…”

अंगणात, हातभरावर, नानांची बायको, काकी, पावटे सोलत बसल्या होत्या. त्यांची मान वर झाली नाही.

दुसरी हाक. तिसरी. पलीकडच्या गल्लीत कुत्रं भुंकलं.

“काकींना कमी ऐकू येतंय का हल्ली?” तेजपाल गोंधळला.

“अगं,” नाना हळूच म्हणाले.

“काय ओ? आणि मघाधरनं कुणाच्या नावानं वरडताय?”

“तुझ्याच.”

काकींच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“हां… लग्नात तांदळावर लिवलं होतं खरं. पण त्या नावानं कोण हाक मारतंय मला?”

तेजपालनं नानांकडं बघितलं, काकींकडं बघितलं. काही कळलं, काही नाही… तरी त्यानं कुसळेवाडीच्या केंद्रावर दूध मोजणाऱ्या मावशींना फोन लावला.

“मावशी, वजनाच्या मशीनवर केंद्राचं नाव काय घालताय?”

“पाणवठा.”

“पाणवठा?”

“मग काय घालू? केंद्र पाणवठ्याजवळच हाय, सगळ्याजणी पाणवठाच म्हणत्यात.”

त्यानं ते लांबलचक नाव पुसलं. एक शब्द लिहिला.

ओळीवर ओळ उतरू लागली. सकाळचं दूध, संध्याकाळचं दूध. तीन महिने, एक दिवस न चुकता.

तेजपाल पडद्याकडं बघत राहिला. केंद्र वाचलं होतं, पण त्याच्या कपाळावरची आठी काही गेली नाही.

“नाना… मी तर बरोबर नाव घातलं होतं.”

“व्हय.”

“दूधही येत होतं.”

“व्हय.”

“मग ते नाही का म्हणालं?”

नाना पुन्हा सुतळीशी बसले. मधे सोडल्यानं पीळ उलगडला होता. ते तो पुन्हा वळू लागले…

“कोर्टापुढं चिंच होती. तिच्या सावलीत बसलेली किती माणसं मी गैरहजर केली, तेजपाल.”