आईच्या हातातलं कमळ

“तिला काय विचारू, अण्णा? तिनं कधी पोर तरी हातात घेतलंय का?”

हे माझ्या कानांसाठी नव्हतं. लग्नाला दोन महिने झालेली मी चहाचे कप घेऊन दाराआड उभी होते आणि मामंजींशी बोलणारा माझा नवरा होता, श्रीरंग.

माझ्या बहिणीच्या जुळ्यांपैकी एक कायम माझ्याच खांद्यावर असायचं. पण बघण्याच्या कार्यक्रमात तेवढं सोडून सगळं विचारलं गेलं.

मी आत गेले. कप दोघांच्या मध्ये ठेवले.

आमचा गणपतींचा कारखाना. तिथे मामंजी गुरू आणि श्रीरंग शिष्य. बाप-लेक हे नातं चपलांबरोबर बाहेर राहतं.

गावात पाच-सहा बायका आहेत. ज्या बाळंतिणीचं कुणी नसेल तिला त्या आळीपाळीनं डबा पोचवतात, बाळाला न्हाऊ घालतात. प्रसूतिगृहाच्या ओसरीत आई-बाळाची मूर्ती बसवायची, हे त्यांनीच ठरवलं. श्रीरंगनं आई-मुलाच्या शिल्पांवर प्रबंध लिहिलाय, म्हणून काम त्याच्याकडे आलं.

शाडूची आई सुरेख उतरली होती. चेहरा तर बघत राहावा असा. एक हात बाळाच्या कमरेखाली, दुसऱ्या हातात कमळ. आमच्याकडे मूर्तीचा हात रिकामा सोडत नाहीत. बाळाचं डोकं कोपरापलीकडे मागे झुकलेलं. त्यानं शिल्पाची रेषा लांबते म्हणे.

मामंजींनी एकदाच बघितलं. “आई अजून आलेली नाही.”

“डोळे चुकलेत?”

“नाही.”

“मग काय?”



मग मूर्ती त्यांनी दारात नेऊन ठेवायला लावली. “माती ओली ठेव. येणाऱ्या-जाणाऱ्याला बघू दे.”

बायका आल्या. सगुणाकाकू चेहरा बघत होत्या आणि हात आपसूक पुढे गेला, बाळाच्या डोक्याखाली.

“अगं बाई, मातीचं की हे!” त्यांचं त्यांनाच हसू आलं.

“तुम्हाला काय काकू, दगडाचं असतं तरी तेल लावलं असतंत,” मागून यमुना म्हणाली.

तिचाही हात तिथेच गेला.

चार दिवस हेच. रोज संध्याकाळी श्रीरंग ओला स्पंज घेऊन बसायचा आणि मातीत उमटलेली बोटं पुसायचा. “हात म्हणून आवरत नाहीत या बायकांना!”

मी चहा द्यायचे आणि बघायचे. बोटं दर वेळी एकाच जागी कशी, याचं मला नवल वाटायचं. मामंजी माझ्याकडे बघायचे.

आज चौथी संध्याकाळ.

“उद्या सकाळी साचा घ्यायचाय, अण्णा,” श्रीरंगनं चहाला हात लावला नाही. “एकदा साचा झाला की काही बदलता येणार नाही.”

“घ्यायचा नाही. बायकांना मी सांगेन, आमच्याकडून होत नाही. दुसरा कुणी बघा.”

श्रीरंगचे कान लाल झाले. शहरातून परत आल्यावरचं त्याचं हे पहिलं काम होतं. गावात त्याचं पहिलं नाव याच मूर्तीवर व्हायचं होतं.

“निदान कुठे बघू, एवढं तरी...”

“मघाशी सांगितलं. हिला विचार.”

श्रीरंगनं माझ्याकडे बघितलं. विचारलं मात्र नाही. स्पंज बुडवला, पिळला आणि बाळाच्या डोक्याखाली न्यायला लागला. तिथे आजची बोटं होती. काकूंची रुंद, यमुनेची बारीक, एकात एक मिसळलेली.

मामंजींनी चष्मा काढून धोतराला पुसला. पुन्हा घातलाच नाही.

मी पुढे झाले. स्पंज त्याच्या हातातून काढून घेतला. सासऱ्यांच्या देखत... पण घेतला.

“अहो, चार दिवस जो पुसताय ना, तो या आईचाच हात आहे, कमळात अडकलेला.”