गोगीच्या घराचं भोक

एकोणीसशे ब्याऐंशी साल. शिशिर ऋतू. बदामाची पानं गळत होती.

देवगडला तोडणकरांच्या खिडकीत काचेची पेटी होती. पेटीत पाणी. पाण्यात गोगी. गोगी म्हणजे इवलीशी गोगलगाय. एकटीच. पेटीत एक मासाही होता. घरातले सगळे त्याच्याकडे बघत. गोगीकडे कोणी बघत नसे. काचेत दुसरी गोगलगाय दिसे. गोगी म्हणे, "ये ना!" ती येत नसे.

खिडकीतून एक पान आलं. डुबुक! पाण्यात पडलं. पाणी झालं तपकिरी. पाणी झालं आंबट. आंबट पाण्यानं गोगीच्या शंखातला चुना घेतला. शंखाला पडलं भोक.

शंख म्हणजे गोगीचं घर. घराला भोक! थंडी आत शिरली. हुडहुड हुडहुड!

गोगी म्हणाली, "पाणीदादा, माझा चुना दे. भोक माझं बुजेना!"

पाणी म्हणालं, "उसना घेतलाय गं."

"उसना? न विचारता?"

"देईन परत. पण शिंपला मला चुना देईल, तेव्हा."

गोगी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

"शिंपलेकाका, चुना द्या ना. पाणी चुना देईना, भोक माझं बुजेना!"

शिंपला म्हणाला, "मी वाळूत गाडलेला. वाळू सरकेल, तेव्हा देईन."

गोगी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

"वाळूताई, सरक ना. शिंपला सुटेना, पाणी चुना देईना, भोक माझं बुजेना!"

वाळू म्हणाली, "मला का पाय आहेत? मासा उकरेल, तेव्हा सरकेन."

गोगी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

"मासेराव, उकरा ना. वाळू सरकेना, शिंपला सुटेना, पाणी चुना देईना, भोक माझं बुजेना!"

मासा हसला. "आलीस? मला वाटलं, पुढच्या वर्षी पोचशील! पण उकरू कुठं? पाणी तपकिरी. मला दिसत नाही. पान जाईल, तेव्हा उकरेन."

गोगी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

"पिकल्या पाना, जा ना. मासा उकरेना, वाळू सरकेना, शिंपला सुटेना, पाणी चुना देईना, भोक माझं बुजेना!"

पान म्हणालं, "जाऊ कसं? भिजून जड झालोय. मला कोणी खाईल, तेव्हा जाईन."

गोगीनं हाक मारली, "पान कोण खाईल?"

मासा म्हणाला, "शी! कडू!"

गोगीनं इकडे बघितलं. तिकडे बघितलं. कोणी आलं नाही.

मग गोगीच पानावर चढली. पान कडू. तोंड वाकडं. तरी खाल्लं. कुरुम कुरुम. दिवसा खाल्लं. रात्री खाल्लं. कुरुम कुरुम. देठसुद्धा ठेवला नाही.

पान गेलं. पाणी निवळलं. माशाला दिसलं. मासा उकरू लागला. खरखर खरखर! वाळू सरकली. शिंपला सुटला. शिंपल्यानं पाण्याला चुना दिला. पाण्याचा आंबटपणा गेला.

पाणी म्हणालं, "गोगे, हा घे तुझा चुना."

गोगीनं घेतला. भोक बुजलं.