आण्णांच्या मांडीवरचं बाळ

विट्याच्या शैला कासार यांचा बारशाचे फोटो काढण्यात हातखंडा होता. माजी सभापती दौलतराव यांच्या नातवाच्या बारशालाही त्यांनाच बोलावलं होतं.

दौलतरावांना नातवासोबत एकट्याचाच फोटो हवा होता. त्यांनी सुनेला बाजूला उभं केलं आणि बाळाला मांडीवर घेतलं. बाळानं भोकाड पसरलं. शैलाताईंनी खुळखुळा वाजवला, बडबडगीत म्हटलं, पण बाळ काही थांबेना.

"बाई, फोटो काढता येतो की नाही तुम्हाला?" दौलतराव भर मांडवात गरजले. "अहो, आमदारसुद्धा माझ्या शेजारी हसत उभे राहतात. मग हे एवढंसं पोर का रडतं?"

आता या बाईंना तालुक्यात कोण बोलावणार, असं सगळ्यांना वाटलं.

शैलाताई शांतपणे म्हणाल्या, "आण्णा, आमदारांना तुमच्याकडून काहीतरी हवं असतं. याला फक्त आई हवी आहे."

दौलतराव खो खो हसत सुनेला म्हणाले, "ये गं पोरी, बस इथं."

आई शेजारी बसली आणि बाळ खुदकन हसलं. शैलाताईंनी तेवढ्यात फोटो टिपला.

"पुढच्या महिन्यात धाकट्या सुनेचं डोहाळजेवण आहे," दौलतराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तेव्हाही तुम्हीच यायचं."