कानशीचे बत्तीस हात

“बत्तीस लाख घ्यावेत का मग, चाचा?”

दस्तगीरचाचा तार चढवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मी समोरच बसलो होतो, दुरुस्तीला टाकलेला माझा तानपुरा न्यायला. निवृत्त संगीतमास्तर मी. मिरजेतल्या या दुकानात चाळीस वर्षं येतोय. चाचांच्या हातचा तानपुरा ज्यानं एकदा ऐकला तो दुसऱ्या कारागिराची पायरी चढत नाही. मी तर नाहीच नाही.

विचारणारी शाल्मली. फिजिक्समध्ये विद्यापीठात पहिली आलेली. दोन वर्षं झाली, चाचांकडे वाद्याचं काम शिकायला येते. हुशार आहे, आणि आपण हुशार आहोत हे तिला चांगलंच ठाऊक आहे.

“कसले बत्तीस लाख?”

“एम.एस.चे. परदेशात दोन वर्षं. प्रवेश मिळालाय. बाबांचं राहतं घर तारण ठेवलं की बँक कर्ज देते. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत हो की नाही ते कळवायचंय.”

“बाबा काय म्हणतात?”

“म्हणतात, तू ठरव. मी डोळे झाकून सही करतो.”

तिनं मोबाइल पुढे केला. त्यात तक्ता होता. फी, व्याज, राहणं-खाणं, तिथला पगार, महिन्याचा हप्ता. सात वर्षांत सगळं फिटत होतं. तिनं एकेक ओळ वाचून दाखवली.

चाचा चौथीपर्यंत शिकलेले. पण मन लावून ऐकत होते. मध्येच त्यांनी थांबवलं. “आणि नोकरी सहा महिने उशिरा लागली तर?”

तेही तिनं धरलं होतं.

“चोख हाय,” चाचा म्हणाले. “माझ्यानं असा हिशेब जन्मात झाला नसता.”

ती खूश झाली. “म्हणजे घेऊ?”

चाचा उठले. त्यांनी माझ्या तानपुऱ्याच्या तारा सैल केल्या आणि घोडी काढली. तारा जिच्यावर टेकतात ती ही पट्टी. तिचा माथा कानशीनं केसभर घासला की तार गुंजायला लागते. केसभर जास्त घासला की गेली ती कामातून. याला जवारी लावणं म्हणतात, आणि ती लावण्यात चाचांचा हात धरणारा मी पाहिलेला नाही.

ती घोडी आणि कानस त्यांनी शाल्मलीच्या हातात दिली.

“घास. बत्तीस हात मार.”

घोडी माझी होती. जुन्या सांबरशिंगाची. आता तसलं शिंग मिळत नाही.

“कुठल्या सुराला?” तिनं विचारलं.

“ते मागनं बघू.”

“मास्तर कुठल्या सुरात गातात ते तरी सांगा.”

“मागनं बघू म्हटलं न्हवं? घास.”

तिनं कानस घोडीवर टेकवली... आणि उचलली.

“नाही, चाचा.”

“का गं? हात दुखतोय?”

“तुम्हीच शिकवलंत. आधी गाणाऱ्याला गायला लावायचं. त्याचा सा कानात बसला की मग एक हात मारायचा. तार चढवायची, ऐकायचं. मग दुसरा.”

“एवढा वेळ कशाला घालवायचा? आकडा ठरलाय की.”

“आकड्यावर होत नाही हे. घासलेलं परत चिकटत नाही.”

चाचांनी हाताची घडी घातली. नुसते तिच्याकडे बघत राहिले...

मला पोरीचं कौतुक वाटलं, खरं सांगतो. उस्तादाला तोंडावर नाही म्हणायला छाती लागते. माझी घोडी वाचली याचा आनंद झाला, तो वेगळाच.

आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा उतरला.

“म्हणजे जाऊ नको म्हणता.”

“मी कधी म्हणालो? न घासलेल्या, कोऱ्या घोडीवर तार बोलत नाही. कापडात गुंडाळून जन्मभर जपली तर तिचा उपयोग काय?”

“मग जाऊ?”

“तेही म्हणालो नाही.”

“चाचा, सरळ सांगा की. माझा जीव टांगणीला लागलाय.”

“तिथं शिकणार काय?”

“सध्या जे चालतं ते. पगार बघून विषय घेतलाय.”

“आणि दोन वर्षं इथं येतीस, बोटं सोलून घेतीस, त्याची ओळ कुठं हाय त्या तक्त्यात?”

ती मोबाइलकडे बघत राहिली. “त्याची कशाला असेल, चाचा? ते तर मला... आवडतं म्हणून.”

तिनं मोबाइल उलटा करून ठेवला.

मग चाचा माझ्याकडे वळले. “मास्तर, सा लावा.”

मी लावला. सत्तरीचा गळा, जरा कापलाच. शाल्मलीनं डोळे मिटून ऐकला. पुन्हा लावायला सांगितला, पुन्हा ऐकला. मग घोडीवर एक हात मारला, ती बसवली, तारा चढवल्या आणि छेडल्या. नाही म्हणून मान हलवली. तारा उतरवून दुसरा हात मारला, अगदी हलका. परत सगळं बसवलं, परत ऐकलं. मग तिसरा.

“बास,” ती आपणहून म्हणाली.

तीनच हात. पण तानपुरा असा बोलायला लागला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. या वयात ते लपवायचा कंटाळा येतो, मी तसाच बसलो. चाचांचे डोळेही काही कोरडे नव्हते. एवढा मोठा कारागीर, पण शिष्येचा हात आपल्या हाताच्या बरोबरीला आलेला बघून लहान मुलासारखा हसत होता.

शाल्मली मात्र हसली नाही. कानस तिच्या हातातच होती.

“उद्या पाचपर्यंत कळवायचंय, चाचा,” ती हळूच म्हणाली.

चाचांनी तिच्या हातातली कानस काढून घेतली आणि फळीवर ठेवली.

“मग आधी तू गा. ह्या खेपेला घोडी तुझी हाय,” ते म्हणाले.