सुटणारे धागे

गोधड्या शिवण्यात सारं आयुष्य घालवलेल्या एका वृद्धेकडे एकदा एक निवृत्त मुख्याध्यापक शिष्य म्हणून आले. वृद्धेचं नाव गजराबाई. गाव त्यांना गजराअक्का म्हणे. मुख्याध्यापकांचं नाव सदानंद खैरनार. चौतीस वर्षं शिकवण्यात गेल्यामुळे त्यांची शिकण्याची सवय पार मोडली होती. पण मुलाला, हर्षदला, मुलगी झाली होती. येत्या रविवारी तिचं बारसं होतं आणि नातीला आपल्या हातचं दुपटंच न्यायचं, असा सरांचा संकल्प होता.

दुपट्यासाठी कापडाच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या कापाव्या लागतात. कात्रीने अंगठा दुखू लागल्यापासून अक्कांनी त्या कामाला रोटरी कटर आणला होता. मुठीत धरायचा दांडा, त्याच्या टोकाला गोल, फिरतं पातं. खाली जाड हिरवी मॅट, मॅटवर कापड, कापडावर मोजपट्टी; पट्टीच्या कडेने पातं पुढे न्यायचं की कापड सरळ कापलं जातं. निदान अक्कांच्या हातून जात असे.

सरांना मात्र ते काही केल्या साधेना. पातं निम्म्यापर्यंत झकास जाई आणि मग बोटभर जागेत धागे तसेच राहत. कापलेली पट्टी उचलावी तर ती त्या धाग्यांना लोंबे. ओढावी तर कड फाटे. सोमवारी त्यांनी जरा जोर लावून पाहिला, मंगळवारी आणखी. बुधवारी तर उभं राहून, दात-ओठ खात, सगळं वजन दांड्यावर टाकलं. धागे राहिले ते राहिलेच. पिवळ्या कापडाच्या सहा पट्ट्या वाया गेल्या आणि जेमतेम पुरेल एवढंच कापड उरलं.

“अक्का, तुमचं पातं बोथट झालंय,” सर म्हणाले.

“मग बदला.”

सरांनी पातं बदललं. धागे न कापता सुटलेच. दुसरं नवं पातं बसवलं. पुन्हा सुटले.

“कारखान्यातच खोट असणार! हल्ली कुणाला कामाची चाड म्हणून राहिलेली नाही.”

“धागे सुटतात कुठं, ते बघितलं का गुरुजी?”

“कुठं म्हणजे? सगळीकडे!”

“बरं,” असं म्हणून अक्का आपल्या टाक्यांकडे वळल्या. त्या ‘बरं’ने सरांच्या मस्तकात तिडीक गेली. असल्या तुटक उत्तरासाठी त्यांनी कैक मुलांना बाकावर उभं केलं होतं.

गुरुवारी दुपारी ते पुन्हा कटर घेऊन बसले, तोच हर्षदचा फोन आला. दोन वर्षांपूर्वी त्याने शाळेतली कायमची नोकरी सोडून बेकरी काढली होती.

“बाबा, शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलंय तुमचं. स्टेशनवर घ्यायला येतो.”

“ते ठीक आहे. त्या नोकरीचं काय? संस्थेत जाऊन विचारलंस का, परत घेतात का?”

पलीकडे काहीच आवाज नाही.

“मी काय विचारतोय हर्षद? आता पदरात पोर आहे. पाव भाजून कुणाचं भलं झालंय?”

“ठेवतो बाबा. गिऱ्हाईक आलंय.”

सरांनी फोन सतरंजीवर जवळजवळ आपटला. “बघा अक्का! दर वेळी तेच. दोन वर्षं कानीकपाळी ओरडतोय. विषय काढला की चिडीचूप! भिंतीशी बोलावं तसं. आणि हे यंत्र, हेही त्यातलंच!” असं म्हणत त्यांनी कटर असा दाबला की खालचं लाकडी मेज करकरलं. धागे राहिले.

तेव्हा अक्का उठल्या. त्यांनी सरांच्या हातातलं नवं कोरं पातं काढून डब्यात ठेवलं आणि सरांनी टाकून दिलेलं पहिलं जुनं पातं पुन्हा कटरला बसवलं.

“अक्का, अहो ते बाद झालेलं!”

अक्कांनी कापड बाजूला केलं, मॅट उचलून अर्धी फिरवली, जवळची बाजू पलीकडे नेली. कापड अंथरलं, पट्टी ठेवली.

“आता न्या. जोर नको. बाळाच्या पाठीवरून हात फिरवतो, एवढाच.”

सरांनी ओठ मुडपून पातं नेलं. या अडाणी हट्टापायी उरलंसुरलं कापडही जाणार, अशी त्यांची खात्री होती. पण पट्टी उचलली तर ती अलगद सुटून हातात आली. एकही धागा मागे राहिला नव्हता. आनंद व्हायचा तर सरांना संतापच आला. चार दिवस मग आपण केलं काय?

अक्कांनी त्यांचं बोट धरलं आणि मॅटच्या पलीकडच्या भागावर टेकवलं. बोट एका खाचेत गेलं. बोटभर लांब, चांगली खोल.

“ही कुणी पाडली?” सरांनी विचारलं.

“तुम्ही. सोमवारी एवढीशी होती. माझ्याच हातची असंल, जुनी मॅट आहे. बाकीची तुम्ही खोल केली.”

अक्का पुढे म्हणाल्या, “पात्याचा टवका उडाला असता, तर ठरावीक अंतरानं धागे सुटले असते, कारण पातं फिरतं. तुमचे एकाच जागी सुटत होते. खाच आली की कापड खाली दबून बसतं. पात्याला भेटतच नाही. आपल्याला वाटतं जोर कमी पडला, म्हणून आणखी दाबावं. दाबलं की खाच खोल होते, आणि कापड आणखी खाली जातं. मग तिथं नवं पातं आणा, नाहीतर सोन्याचं आणा.”

“मग आता मॅट टाकून द्यायची?”

“टाकायची कशाला? एवढी मोठी मॅट आहे. खाच काही भरून येत नाही गुरुजी. रेघ दुसरीकडून न्यायची.”

सर कितीतरी वेळ त्या खाचेवर बोट ठेवून बसून होते. अक्कांनी चहा आणून ठेवला, तो निवून गेला.

शुक्रवारी सकाळी उरलेल्या पट्ट्या कापून झाल्यावर सरांनी आपणहून फोन लावला.

“बोला बाबा,” हर्षदचा आवाज सावध होता.

सरांच्या जिभेवर नोकरीचाच प्रश्न तयार होता. तो त्यांनी गिळला.

“तुझी भट्टी किती वाजता पेटते रे?”

“अं?”

“भट्टी. किती वाजता पेटवतोस?”

“...पहाटे चारला. का?”

“चारला? मग पीठ कधी मळतोस?”

हर्षद सांगू लागला. पीठ आदल्या संध्याकाळीच मळून ठेवावं लागतं, थंडीत ते लवकर फुगत नाही, पहिल्या महिन्यात तीन घाणे करपले होते, ते कुणाला सांगितलं नव्हतं. तो सांगत राहिला. सरांनी त्याला मध्ये एकदाही टोकलं नाही. त्यासाठी त्यांना किती कष्ट पडत होते, ते समोर बसून आपल्या गोधडीला टाके घालणाऱ्या अक्कांनाच दिसत होतं.